कुत्र्याचं मांजर कधी झालं?

मालेगावच्या एका वाचकाने विचारलं आहे : कट्टर माणसाच्या मेंदूत काही वेगळं असतं का? हे मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. वऱ्हाडाबाहेर मालेगाव म्हटलं की डोळ्यांपुढे नाशिककडचं गाव येतं, आणि बोलण्यात वाशिम, रिसोड आलं तरी ते चटकन हलत नाही. मनात आधी बसलेला अर्थ नव्या खुणा दिसल्यावर किती लवकर जागा सोडतो, हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

एल्स फ्रेंकेल-ब्रुन्सविक यांनी १९४९ साली याच गोष्टीची एक देखणी चाचणी मांडली. मुलांना एकामागून एक चित्रं दाखवायची. पहिलं कुत्र्याचं. पुढच्या प्रत्येक चित्रात थोडा थोडा फरक, आणि शेवटचं मांजराचं. दर वेळी प्रश्न एकच : हे काय आहे? काही मुलं मध्ये अडखळत, 'सांगता येत नाही' म्हणत आणि मग मांजर ओळखत. ज्या मुलांच्या मनात परक्या समाजांबद्दल आकस जास्त, त्यांचा कल कुत्र्यालाच धरून बसण्याकडे दिसला. देवाधर्माचा किंवा पक्षाचा शब्दही न काढता मनाचा ताठरपणा असा पकडता येतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या बाईंवर मात्र मोठा अन्याय झाला. १९०८ साली लेम्बर्गमध्ये ज्यू घरात जन्म, व्हिएन्नात शिक्षण. १९३८ मध्ये नाझी आले आणि त्यांना देश सोडावा लागला. अमेरिकेत बर्कलीला पती प्राध्यापक होते. पती-पत्नी दोघांना एकाच विभागात नेमायचं नाही, या नियमामुळे त्यांना तिथे प्राध्यापकपद मिळालं नाही. हुकूमशाही वृत्तीच्या माणसांवरचा १९५० सालचा गाजलेला ग्रंथ चौघांनी लिहिला, त्यात त्या होत्या. पण लेखकांची नावं वर्णानुक्रमे छापली गेल्यामुळे तो ओळखला जातो पहिल्या नावाने, अडोर्नोंच्या.

फ्रेंकेल-ब्रुन्सविक यांचाच धागा आज पत्त्यांच्या एका चाचणीने पुढे नेला आहे. पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायचे. हात बसला की नियम न सांगता बदलतो आणि आकाराप्रमाणे लावावे लागतात. कपाळामागच्या मेंदूला इजा झालेले अनेक रुग्ण जुन्याच नियमाला चिकटून राहतात, हे ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये दाखवलं होतं. अलीकडे लिओर झ्मिग्रॉड यांनी अमेरिकेतल्या ७०० हून अधिक लोकांना अशा चाचण्या दिल्या. पक्षाशी टोकाची निष्ठा असलेले लोक, डावे असोत की उजवे, नियम बदलल्यावर जास्त अडले. २०१७ मध्ये जॉर्डन ग्राफमन यांच्या गटाने व्हिएतनाम युद्धात मेंदूला जखम झालेले ११९ सैनिक तपासले. कपाळामागच्या ठरावीक भागांची इजा, कमी लवचिकता आणि धार्मिक कट्टरता यांची सांगड त्यात दिसली.

यावरून 'कट्टरतेचं केंद्र सापडलं' अशी बातमी करणं चूक आहे. माणसामाणसातल्या फरकाचा थोडाच भाग यातून उलगडतो. शिवाय ताठर मन टोकाकडे जातं की टोकाला राहून मन ताठर होतं, हे नुसत्या पत्त्यांवरून ठरत नाही.

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनचंच पाहा. अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर दिगंबर आणि श्वेतांबर, दोघांचंही श्रद्धास्थान. १९०५ साली दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. पुढे मूर्तीच्या लेपावरून वाद झाला. १९१० साली अकोल्याच्या न्यायालयात गेलेला दावा १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघालं. श्रद्धा तीच, मूर्ती तीच. तरी एकदा वेळापत्रक जमलं आणि एकदा कुलूप लागलं. हा फरक कुणाच्या कवटीत शोधून सापडणार नाही. श्रद्धा गाढ असणं आणि मन ताठर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९०५ च्या त्या वेळापत्रकाएवढं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

शिक्षक मित्रांनो, कुत्र्यापासून मांजरापर्यंतची आठ-दहा चित्रं फळ्यावर सहज काढता येतील. कोणत्याही मुलाला त्यावरून कट्टर ठरवू नका. जे मूल मध्येच 'माहीत नाही' म्हणेल त्याला घाई करू नका, आणि चाचणी कुणाची हे सांगताना एल्स फ्रेंकेल-ब्रुन्सविक हे पूर्ण नाव घ्या.