डोळे आले, ‘अपोलो’ने!

1969 मध्ये घानातील आक्रा शहरात लोकांचे डोळे अचानक लालभडक होऊ लागले. अपोलो-11 नुकतेच चंद्रावर उतरलेले, म्हणून लोकांनी साथीला नाव दिले ‘अपोलो’. 1971 मध्ये ती कोलकात्यात पोचली, तेव्हा पूर्व पाकिस्तानातून लोंढ्याने आलेल्या निर्वासितांच्या घोषणेवरून तिचे नवे बारसे झाले: ‘जॉय बांगला’. आपल्याकडे साधे ‘डोळे आले’. कारण होता एंटेरोव्हायरस 70 हा विषाणू, पोलिओच्याच कुळातला. हे कुळ एरवी बहुतेक विष्ठेतून, दूषित पाण्यातून पसरते. हा पठ्ठ्या मात्र बोटे, टॉवेल, उशीचे अभ्रे यांवरून. एक-दोन दिवसांत डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पांढऱ्या भागात रक्ताचे डाग उमटतात, सकाळी पापण्या चिकटतात. आठवडा-दहा दिवसांत बहुतेकांचे दुखणे उतरते. पण मोजक्या रुग्णांच्या पायांतले बळ गेले, अगदी पोलिओसारखे; मुंबईत डॉ. नोशिर वाडिया यांनी असे रुग्ण 1972 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. कॉक्सॅकी ए-24 या विषाणूचा एक प्रकारही अशीच साथ आणतो. काळा चष्मा उजेडापासून वाचवतो, लागणीपासून नव्हे. नुसते बघून कुणाचे डोळे येत नाहीत. घरात कोणाचे आले असतील, तर त्यांचा टॉवेल आधी वेगळा करा.