‘काही नाही, जाऊ दे!’

‘आई, गॅस बंद केलात का?’

‘हो तर, पाणी मगाशीच भरून ठेवलंय!’

आमच्या घरात असे संवाद रोजचेच. सुरुवातीला आम्ही हसायचो. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. त्याही हसायच्या. पुढे त्यांचं हसणं थांबलं. भजनी मंडळात जाणंही त्यांनी सोडलं. विचारलं तर म्हणाल्या, ‘गुडघे दुखतात.’ खरं कारण मंडळातल्या एकीकडून कळलं. बाकीच्या थांबल्या तरी आई एकट्याच गात राहिल्या आणि दोघी-तिघी हसल्या. त्या दिवसापासून गुडघे दुखायला लागले!

आमच्याकडे श्रवणयंत्र नव्हतं असं नाही. चार वर्षांपूर्वी एका दुकानातून अठरा हजारांना आणलं होतं. दुकानदाराने ते कानात बसवलं, ‘येतंय का ऐकू?’ विचारलं, पैसे घेतले, झालं काम. घरी आल्यावर भांड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा आणि माणसांचं बोलणं मात्र तसंच अस्पष्ट. आठ दिवसांत यंत्र स्टीलच्या डबीत गेलं आणि डबी कपाटात. शिवाय ‘लोक बहिरी म्हणतील’ ही धास्ती होतीच. चष्मा लावणाऱ्याला कुणी आंधळा म्हणत नाही, पण कानाचं तसं नसतं ना!

गेल्या दिवाळीत नणंदेचा मुलगा पुण्याहून आला. त्याच्याकडे ते कानात घालायचे पांढरे, बिनवायरचे इअरबड्स. ‘आजी, हे घालून बघ,’ म्हणत त्याने आईंच्या कानात बसवले आणि फोनमधली एक सोय चालू केली. फोन जिथे ठेवाल तिथलं बोलणं फोनचा माइक टिपतो आणि थेट कानात पोचवतो. आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘अगं, माझ्या बांगड्या वाजतात!’ त्या म्हणाल्या.

मग व्हायचं ते झालं. भाचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर विसरला आणि आई बाहेरच्या खोलीत. आईंच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशींना, दवाखान्यात ठेवल्याचं आम्हाला सकाळीच कळलं होतं. चकल्या तळता तळता मी ह्यांना म्हणाले, ‘आईंना आत्ता नको सांगायला. किती ओरडायचं, सगळ्या गल्लीला कळतं.’

दोन मिनिटांत आई दारात. ‘काय झालंय तिला? आणि मला सांगायचा एवढा कंटाळा येतो का गं?’

मैत्रिणींनो, गावभर ज्येष्ठांच्या प्रश्नांवर बोलणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना. ‘काय म्हणालीस?’ असं त्यांनी विचारलं की ‘काही नाही, जाऊ दे’ हे माझं ठरलेलं उत्तर. दिवसातून किती वेळा मी ते दिलं असेल, देव जाणे.

त्या रात्री भाच्याला नीट विचारून घेतलं. ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ ला श्रवणयंत्रासारखं वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. आधी फोनवरच कानाची चाचणी होते आणि त्यानुसार आवाज जुळवला जातो. तेव्हा भारतात ही सोय नव्हती, म्हणून बंगळुरूच्या काही तरुणांनी आपल्या आज्यांसाठी खटपट करून ती चालू केल्याच्या बातम्याही आल्या होत्या. मात्र ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी आणि सौम्य ते मध्यम घट असलेल्यांसाठीच. किंमत तेव्हा वीस-पंचवीस हजारांच्या घरात होती, वर जुळवणीसाठी त्याच कंपनीचा फोन लागतो. बॅटरीही काही तासच पुरते. बाजारात हजार-दीड हजाराला मिळणारे साधे इअरबड्स फोनवरचं गाणं ऐकवतात, समोरच्याचं बोलणं तुमच्या कानाला हवं तसं जुळवून देत नाहीत. ते घेऊन फसू नका.

भाच्याने आईंची फोनवर चाचणी घेतली. उजवा कान बराच कमी निघाला. मग मात्र आम्ही थेट जिल्हा रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात गेलो. डॉक्टरांनी आधी उजव्या कानातला घट्ट झालेला मळ काढला. निम्मा फरक तिथेच पडला! मग बंद खोलीत ऑडिओमेट्री झाली. तिथल्या बाईंनी छान समजावलं. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरं निसटतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. अशा वेळी नुसतं ओरडून उपयोग नसतो. श्रवणयंत्र प्रत्येकाच्या तक्त्याप्रमाणे जुळवावं लागतं, एकदा नाही, दोन-तीनदा. आमचं डबीतलं यंत्र चांगलंच होतं, फक्त ते कुणी जुळवलंच नव्हतं.

आता आई दिवसा यंत्र लावतात. भाचा इअरबड्स इथेच ठेवून गेलाय. ह्यांच्या फोनला जोडून आई त्यावर रात्री मालिका ऐकतात, आणि आमच्या टीव्हीचा आवाज शेजारी जात नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर एवढं करा:

- आधी कान तपासून घ्या. मळ, संसर्ग, पडद्याला छिद्र यांवर उपचार असतात. कानात गरम तेल, काडी, पिन घालू नका.
- अचानक ऐकू येईनासं झालं, एकाच कानाला कमी येऊ लागलं, कान वाहतोय, दुखतोय किंवा चक्कर येतेय, तर इअरबड्सच्या नादी न लागता लगेच डॉक्टरांकडे जा. लहान मुलांच्या बाबतीत तर घरगुती प्रयोग नकोच.
- मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) पासष्ट वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी एकदा ३००० रुपये देण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.
- ऐकू कमी येणाऱ्याशी समोर येऊन, उजेडात, सावकाश बोला. पाठमोरं किंवा दुसऱ्या खोलीतून नको.

कमी ऐकू येणं ही नुसती कानाची गोष्ट नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने विस्मरणाच्या आजाराचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांत तिची नोंद केली आहे. माणूस बोलण्यातून बाहेर पडतो, मग घरातून, मग स्वतःतून...

मावशींना भेटायला आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. त्या आता बऱ्या आहेत. दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर अर्धा तास बोलतात. आईंनी गुरुवारी पुन्हा भजनाला जायला सुरुवात केलीय. अजून एखादा शब्द निसटतो, मग त्या विचारतात, ‘काय म्हणालीस?’

मी गॅस बारीक करते, त्यांच्यासमोर जाऊन बसते आणि सगळं पुन्हा सांगते.