ज्वारीच्या पोंग्यातले विष



ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांवर गाय तुटून पडली आणि किराळ लागून तासाभरात आडवी झाली, हे आपल्या भडगाव भागात कोणाला नवे नाही. पण हे विष ज्वारीने गाईसाठी केलेले नाही. ते आहे पान कुरतडणाऱ्या किडीसाठी.

ज्वारीच्या पानाच्या वरच्या सालीतील पेशींत धुरीन नावाचा पदार्थ असतो. त्यात विष साखरेला बांधून ठेवलेले असते, म्हणून रोपाला त्याची बाधा होत नाही. ही गाठ सोडणारे विकर आतल्या गराच्या पेशींत, निराळे असते. अळीने पान चावले की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटते. गाईने चावले तरी तेच होते, शिवाय तिच्या पोटातले जंतू त्यात भर घालतात.

कोवळ्या रोपात धुरीन भरपूर असते. वय वाढेल तसे कमी होते. पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर पावसाने फुटलेल्या खोडव्याच्या कोंबांत ते जास्त असते. जास्त नत्रानेही ते वाढते. युरियाची गोणी सैल हाताने ओतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. म्हणून फुलोऱ्याआधी हिरवी ज्वारी जनावरापुढे टाकू नका, खोडव्यात गुरे सोडू नका. नीट वाळलेल्या कडब्यात धोका फार थोडा उरतो. धाप, तोंडाला फेस, थरथर दिसताच पशुवैद्यकांना बोलवा. इंजेक्शनाचा उपाय आहे, पण उशीर चालत नाही.

एवढे विष असूनही खोडमाशी पोंगेमर करतेच! तिच्यापुढे पानाचा चकचकीतपणा आणि पानाखालची बारीक लव अधिक कामी येते. अशा वाणांवर ती अंडी कमी घालते. खरिपाची ज्वारी पावसाबरोबर लवकर पेरली तरीही तिचा त्रास कमी होतो.

मक्याचे विष वेगळे, युक्ती मात्र तीच: साखरेला बांधून ठेवायचे. पण 2018 साली आपल्या देशात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी मोठी वस्ताद. सुटलेल्या विषाला ती पोटात पुन्हा साखर चिकटवते आणि बिनविषारी करते.

तरी मका गप्प बसत नाही. अळीची लाळ जखमेला लागली की काही तासांत झाड हवेत विशिष्ट वास सोडते. त्या वासावर बारीक परोपजीवी माश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 1990 साली मक्यावर हे दाखवून दिले. तेव्हा एखादे पान खरवडलेले दिसताच पंप पाठीवर घेऊ नका. त्या फवाऱ्यात या माश्याही मरतात. आधी पानांवरचे अंडीपुंज शोधून चिरडा. मग शेतात फिरून शंभर झाडे पाहा आणि किती पोंग्यांत भुशासारखी ताजी विष्ठा आहे ते मोजा. दहाहून कमी असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा आणि आठवड्याने पुन्हा मोजा.