बहुस्थळी डेटाबेस क्लस्टर

बहुस्थळी डेटाबेस क्लस्टर म्हणजे एकाच माहितीसाठ्याच्या प्रती परस्परांपासून दूर असलेल्या दोन किंवा अधिक केंद्रांतील संगणकांवर सतत अद्ययावत ठेवणारी रचना होय. पूर, भूकंप, आग यांमुळे एक केंद्र बंद पडल्यास दुसऱ्या केंद्रातून काम चालू राहावे, हा तिचा हेतू असतो. समूहातील प्रत्येक संगणकाला नोड असे म्हणतात.

रचनेचा आराखडा दोन प्रश्नांवर उभा राहतो. आपत्तीपूर्वीच्या किती मिनिटांच्या नोंदी गमावल्या तर चालतील, हा पहिला. आणि सेवा किती वेळात पूर्ववत झाली पाहिजे, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे तंत्रज्ञाने नव्हे, तर संस्थेच्या चालकांनी द्यावयाची असतात. खातेदाराने भरलेली रक्कम नोंदीतून नाहीशी होणे बँकेला परवडत नाही. ग्रंथालयाला तासाभराच्या नोंदी पुन्हा लिहून काढता येतात.

== स्थळांची निवड ==
दुसरे केंद्र किती दूर असावे यापेक्षा ते त्याच संकटात सापडेल काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग बंद झाला. त्याच दिवसांत कृष्णाकाठचे सांगलीही पाण्यात होते. म्हणून कोल्हापुरातील संस्थेने पर्यायी केंद्र सांगलीत थाटणे सोयीचे वाटले, तरी ते व्यर्थ ठरते. पुण्यासारखे वेगळ्या खोऱ्यातील ठिकाण त्यापेक्षा बरे. शेअर बाजारांसाठी सेबीने वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्राची अपेक्षा ठेवली असून, ते शक्य नसल्यास किमान ५०० किलोमीटर अंतराची अट घातली आहे.

== प्रतिकृतीकरण ==
अंतर वाढले की वेळ लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरवरील केंद्राकडून पोच मिळण्यास किमान दहा मिलिसेकंद लागतात. समकालिक प्रतिकृतीकरणात ही पोच आल्याखेरीज व्यवहार पूर्ण मानला जात नाही. त्यामुळे नोंद हरवत नाही, परंतु प्रत्येक व्यवहार मंदावतो. असमकालिक पद्धतीत मुख्य केंद्र न थांबता पुढे जाते. गती राखली जाते, मात्र आपत्तीच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी बुडतात. शेअर बाजारांना याकरिता दूरच्या केंद्राखेरीज जवळचे एक केंद्रही ठेवावे लागते. तेथे शेवटची नोंदही सुरक्षित राहावी, अशी अपेक्षा असते.

== बहुमत ==
दोन केंद्रांमधील जोडणी तुटली, पण दोन्ही केंद्रे चालू राहिली, तर प्रत्येकाला दुसरे बुडाले असे वाटते. दोघांनीही व्यवहार स्वीकारले, तर खात्यातील तेच दहा हजार रुपये दोन ठिकाणी काढले जाऊ शकतात. या अवस्थेस ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. ती टाळण्यासाठी निम्म्याहून अधिक नोड ज्या गटात असतील, त्यानेच काम करावे असा नियम असतो; अल्पमतातील गट स्वतःहून थांबतो.

येथेच एक चूक वारंवार घडते. दोन नोड कोल्हापुरात आणि एक पुण्यात ठेवला, तर एखादा संगणक बिघडल्यास काहीच अडत नाही. परंतु संपूर्ण कोल्हापूर केंद्र बंद पडल्यास पुण्याचा नोड तिघांत एकटा उरतो आणि बहुमताअभावी थांबतो. ज्या दिवसासाठी खर्च केला, नेमक्या त्या दिवशी यंत्रणा मुकी होते. उपाय म्हणजे तिसऱ्या स्थळी एक साक्षी नोड ठेवणे. त्यात संपूर्ण माहिती असण्याची गरज नसते. त्याचे मत पुरेसे असते. गॅलेरा क्लस्टरमध्ये अशा मध्यस्थाची सोय आहे. पोस्टग्रेसक्यूएलसोबत वापरले जाणारे पॅट्रोनी मुख्य नोड कोण हे एटसीडीसारख्या बहुमतावर चालणाऱ्या साठ्यात नोंदवते. त्यामुळे एटसीडीचे सदस्यही तीन स्थळी विभागावे लागतात.

== मर्यादा ==
प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला तक्ता काही क्षणांत सर्व केंद्रांतून पुसला जातो. म्हणून जुन्या स्थितीकडे परत नेणारे वेगळे बॅकअप ठेवणे आवश्यक असते.

पर्यायी केंद्र असणे आणि त्याचा उपयोग होणे यांतही फरक आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या एकाच वेळी अस्थिर झाल्या. त्याचा परिणाम साठवण यंत्रणेवर होऊन जोखीम व्यवस्थापन प्रणाली अनुपलब्ध झाली. सकाळी ११:४० वाजता थांबलेले व्यवहार दुपारी ३:४५ वाजता सुरू झाले, तरी कामकाज चेन्नईच्या केंद्राकडे वळवले गेले नाही. दोन कंपन्या म्हणजे दोन स्वतंत्र मार्ग नव्हेत, हे कोणत्याही खोदलेल्या रस्त्याकडे पाहून कळावे. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने आपत्ती घोषित झाल्यापासून ४५ मिनिटांत सेवा पूर्ववत करण्याचे बंधन घातले. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, एक्स्चेंजने विशेष सत्र भरवून पहिल्या टप्प्याचे प्रत्यक्ष व्यवहार मुख्य केंद्रातून आणि दुसऱ्या टप्प्याचे पर्यायी केंद्रातून चालवले. १८ मे रोजी असेच सत्र पुन्हा झाले.