गाडी उलाळ आहे

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघून कापूरहोळ फाट्याला भोरकडे वळलं, की काही वेळात भाटघर धरणाची दगडी भिंत दिसते. त्या दिवशी मला ती नीट दिसलीच नाही. माझं सगळं लक्ष आरशात होतं. जीपच्या मागे जोडलेलं माझं चाकांवरचं घर (एक पलंग, एक ओटा, एक मोरी, वजन साधारण १००० किलो) हमरस्त्यावर ताशी ७० च्या पुढे गेलं की शेपटी हलवायला लागायचं. आधी हळूच, मग जोरात. एकदा तर शेजारून मोठा ट्रक गेला तेव्हा मागचं घर पुढच्या जीपला इकडून तिकडे ओढू लागलं. मी पाय उचलला, हातातलं चाक सरळ धरलं, देवाचं नाव घेतलं. वेग उतरला तसं ते शांत झालं.

धरणाच्या फुगवट्याच्या काठावर एका शेताच्या कडेला गाडी लावली. बांधावर एक आबा शेळ्या राखत बसले होते. त्यांनी ट्रेलरला एक फेरी मारली, चाकांकडे पाहिलं, जोडणीपाशी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मागं काय भरलंय वं?"

मागच्या कपाटात मी नुकत्याच दोन मोठ्या बॅटऱ्या बसवल्या होत्या आणि बाहेर दोन सायकली टांगल्या होत्या. मोठी हौसेची सुधारणा होती ती. तसं सांगितलं.

"गाडी उलाळ हाय तुमची, साहेब. बैलं असती तर कवाच टांगली असती."

उलाळ! लहानपणी आजोळी ऐकलेला हा शब्द मी पार विसरलो होतो. बैलगाडीत ओझं आसाच्या मागे जास्त पडलं की पुढची धूर (जिला जू बांधतात ती) वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून वर खेचलं जातं आणि गाडी मागे बसते. ओझं पुढे जास्त पडलं तर उलटं, सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि जनावर दमतं. जुना गाडीवान पोती रचताना सारखा पुढे येऊन धूर हाताने उचलून बघायचा. किंचित भार पुढे राहिला की तो समाधानाने कासरे हातात घ्यायचा. हे वजन काट्यावर कुणी मोजलं नव्हतं, हाताला ठाऊक होतं.

जगभरातले ट्रेलरवाले आज नेमकं हेच करतात, फक्त आकड्यांत. अमेरिकेत सांगतात, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर यावा. युरोपात ५ ते ७ टक्क्यांवर भागवतात, कारण तिथे ट्रेलर ओढताना वेगमर्यादा कमी असते आणि ओढणाऱ्या गाड्याही लहान असतात. हा सगळा भार बसतो कुठे, तर एका लोखंडी गोळ्यावर. त्याचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा. अख्खं घर, भांडीकुंडी, गाद्या, पाणी, सगळं त्या लिंबाला धरून भोरपर्यंत येतं. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्या गोळ्याकडे नुसता बघत बसलो होतो.

आता शेपटी का हलते ते बघू. ट्रेलर हा आडवा टांगलेला लंबक आहे. गोळा ही त्याची खुंटी. वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या ट्रकने त्याला ढकललं की तो बाजूला झुलतो. त्याची चाकं रस्त्याला धरून त्याला पुन्हा सरळ ओळीत आणू बघतात. वजन आसाच्या किंचित पुढे असेल तर प्रत्येक झोका आधीच्याहून लहान होतो आणि हालचाल मरून जाते. वजन मागे असेल तर ते आपल्याच जोराने ओळ ओलांडून पलीकडे जातं. यात वेगाचा भाग विलक्षण आहे. वेग वाढेल तशी टायरांची झोका थांबवण्याची ताकद कमी पडत जाते. एका ठरावीक वेगापलीकडे प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो, मग चालवणारा कितीही तरबेज असो. उपाय एकच, वेग उतरवणे. घाबरून जोरात ब्रेक दाबला तर जीप थांबायला बघते आणि मागचं घर तिला ढकलतं. स्टिअरिंग झोक्याच्या उलट फिरवून सावरायला जाणं त्याहून वाईट, कारण आपला हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि झोक्याला मदतच करतो. बैलगाडी ताशी ४-५ किलोमीटरने जायची, म्हणून तिचं दुखणं बैल टांगण्यापुरतं राहिलं. तेच दुखणं ताशी ८० ला जिवावर बेततं.

नुसता तोल साधूनही भागत नाही. बॅटऱ्या मागे आणि तेवढंच वजन पुढच्या टोकाला ठेवलं तर काटा बरोबर दाखवेल, पण ट्रेलर डोंबाऱ्याच्या लांब काठीसारखा होतो. झुलायला सावकाश आणि एकदा झुलला की थांबायलाही सावकाश. म्हणून जड वस्तू आसाच्या आसपास आणि खाली. तांदळाचा डबा, गॅसची टाकी, हत्यारांची पेटी, सगळ्यांनी मधे बसायचं. हलक्या गाद्या आणि कपडे टोकांना.

त्या संध्याकाळी मी बॅटऱ्या काढून पलंगाखाली आणल्या आणि सायकली जीपच्या टपावर चढवल्या. घरचा वजनकाटा सपाट जमिनीवर ठेवला, त्यावर जोडणीच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा केला आणि ट्रेलरची नाळ, म्हणजे जोडणीचा पुढचा दांडा, हळूच त्यावर टेकवली. १०० किलो. आबा बघत होते. त्यांनी काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, नाळेखाली हात घालून जरा उचलून बघितलं आणि म्हणाले, "आता बरी हाय."

मग मला दुसरंच सुचलं आणि झोप उडाली. पाणी! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. माझी ताज्या पाण्याची टाकी ६० लिटरची, आसाच्या एक मीटर पुढे. वापरलेलं पाणी साठवणारी टाकी आसाच्या दीड मीटर मागे. दोन दिवस भांडी घासली, आंघोळी केल्या, की तेच ६० किलो अडीच मीटर मागे सरकतं. जोडणी आसापासून तीन मीटरवर आहे. म्हणजे ६० गुणिले अडीच, भागिले तीन, बरोबर ५० किलो. एकही वस्तू न हलवता, ट्रेलरचं वजन रतीभरही न बदलता, नाळेवरचा भार १०० वरून ५० वर आलेला असतो. आज ठाकठीक असलेली गाडी परत जाताना उलाळीकडे झुकलेली असते आणि ते करणारी असते आपली आंघोळ! हे गणित मला अजूनही जादूसारखं वाटतं.

सकाळी दुसरी फजिती. ट्रेलर बांधावरून मागे घ्यायचा होता. मागे घेताना चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं. यावर युक्ती सोपी आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, मग हात ज्या बाजूला नेऊ त्याच बाजूला ट्रेलर जातो. युक्ती ठाऊक असूनही मी चार वेळा चुकलो. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टरवाला पोरगा आला, "दादा, उतरा," म्हणाला आणि एका दमात लावून मोकळा झाला. त्याच्यासाठी हा पोरखेळ होता. तो उसाची चार चाकी ट्रॉली मागे घेतो. तिला पुढच्या आसावर वेगळी फिरकी असते, म्हणजे एकाच्या जागी दोन खुंट्या आणि उलट्याचं उलट. शिवाय त्याने सांगितलं ते खरं निघालं, लांब ट्रॉलीपेक्षा आखूड ट्रॉली मागे घेणं अवघड. आखूड ट्रॉली चटकन वळते, चूक सुधारायला वेळच देत नाही.

उसाचा विषय इथे आपोआप निघतो. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२८ मध्ये लॉइड डॅम म्हणून खुलं झालं. आज जलाशयाला येसाजी कंक यांचं नाव आहे. पाणी ठरल्या पातळीला आलं की आपोआप उघडणारे ४५ दरवाजे या भिंतीला आहेत. इथलं पाणी नीरा नदीतून वीर धरणात जातं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत पोचतं. त्या पाण्यावर ऊस उभा राहतो आणि त्या उसासाठी दिवाळीच्या सुमारास बीडकडून हजारो कुटुंबं ट्रॉल्यांत बसून निघतात. पत्र्याची पेटी, पाण्याचं टिपाड, चूल, कोंबड्या, शेळी, वर लेकरं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हे. फडाजवळ कोपी उभी राहते आणि सहा महिने तेच घर. भोरच्या रस्त्यावर मेंढरं घेऊन चाललेले धनगर दिसतात, त्यांचा संसार घोड्यांच्या पाठीवर. घोड्यावरचं ओझंही दोन्ही बाजूंना सारखं लागतं, हे मला आता चटकन दिसतं. या सगळ्यांसमोर माझ्या हौसेच्या घराला घर म्हणताना जीभ जरा अडखळते.

हौसेने असं घर ओढण्याची कल्पना तशी नवी. १८८५ मध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल-डॉक्टराने इंग्लंडात 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी केवळ भटकण्यासाठी बांधून घेतली, तिथून हा छंद सुरू झाला असं मानतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात एका आसाच्या, दोन आसांच्या, तंबूच्या, घडीच्या अशा ट्रेलरांचा उल्लेख आहे. कॅरव्हॅन हा शब्द मात्र मूळचा फारसी 'कारवान', युरोप फिरून परत आपल्याकडे आलेला. कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर लागतो.

देखभालीचं थोडक्यात सांगतो. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन मरतात. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसली तरी पाच-सहा वर्षांनी त्यांना निरोप द्यावा. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या तुंब्यावर हात लावून बघावा. एक तुंबा दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक बोलतोय. आसाला वंगण हवं, हे बैलगाडीपासून बदललेलं नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो, म्हणून हवेची जाळी तळाशी असावी आणि ती कधीही बुजवू नये. आणि भोर-वेल्ह्याचा पाऊस! छताच्या सांध्यात केसाएवढी फट असली तरी तो ती शोधतो. पहिल्या पावसाळ्यानंतर माझ्या कपाटातल्या प्लायवूडला बुरशी आली आणि आतला वास जायला दिवाळी उजाडली. आता मे महिन्यात शिडी लावून प्रत्येक सांधा बोटाने चाचपतो.

तुम्ही कधी असं घर घेऊन भाटघरला आलात तर लक्षात ठेवा, पाणी उतरल्यावर उघडी पडणारी काठाची जमीन वरून वाळलेली दिसते, तिच्यावर आधी पायी चालून बघा. जागामालकाला विचारल्याशिवाय बांधावर उतरू नका. पावसाळ्यात वरंधा घाटाने पुढे कोकणात जायचा बेत करू नका, तो रस्ता त्या दिवसांत अनेकदा बंद ठेवतात. निघण्याआधी मागची टाकी रिकामी करा, तोल साधेल. पण ती धरणात ओतू नका. तुमचं साबणाचं पाणी डब्यांत भरून, डबे आसाजवळ ठेवून घरी न्या आणि मोरीत सोडा. इथलं पाणी खाली बारामती-फलटणकडे लोक पितात.