दिवा कुलपात ठेवू नका

मैत्रिणींनो, सौर दिवा विकणं सोपं. तो जळता ठेवण्यातच खरा धंदा. आयआयटी मुंबईच्या २०१४च्या योजनेत शाळकरी मुलांना दिवा १२० रुपयांत मिळाला. आम्हाला आवडलं ते वेगळंच: दिवे जोडायला, विकायला, दुरुस्त करायला गावातल्याच माणसांना शिकवलं होतं. दुरुस्ती जवळ असली की गिऱ्हाईक टिकतं.

आपल्या नांदूरघाटाकडं घोळ होतो ऊसतोडीच्या वेळी. घराला कुलूप, दिवा आत. सहा महिने चार्ज न होता पडून राहिली की बॅटरी खराब होते, अन् आपण म्हणतो दिवाच बोगस! त्यापेक्षा तो कोपीवर न्या. रात्री बाहेर पडताना साप-विंचू तरी दिसेल. नाहीतर गावात राहणाऱ्या मैत्रिणीकडं द्या, ती महिन्यातून एकदा उन्हात चार्ज करील. आणि गटानं दिवे विकायला घेतले, तर हप्ता उचल हातात येते तेव्हाच घ्या.