परक्या ओंजळीचे पाणी

मोपाच्या विमानतळावरून मार्च २०२४ मध्ये ‘फ्लाय ९१’ या कंपनीची प्रवासी विमाने उडू लागली, तेव्हा गोमंतकीयांना अभिमान वाटला तो स्वाभाविकच होता. गोव्यात ठाण मांडून, सत्तरएक आसनांच्या एटीआर विमानांनी लहान शहरे जोडू पाहणारी कंपनी उभी राहावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. अशा कंपनीच्या ताफ्यात आणखी एक विमान दाखल झाले की आपण त्याला प्रगती म्हणतो. परंतु नुसती विमाने मोजून प्रादेशिक विमानसेवेची प्रकृती कळत नाही. रिकाम्या आसनाचा तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे विचारावे लागते. हा प्रश्न अमेरिकेने सर्वांत मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. म्हणून त्या अनुभवाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

अमेरिकेने १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरील सरकारी बंधने उठवली. त्यानंतर बड्या कंपन्यांनी मोजकी शहरे केंद्रे म्हणून निवडली आणि भोवतालच्या लहान गावांतील उतारू तेथे आणून पोहोचवण्याचे काम छोट्या कंपन्यांकडे सोपवले. या व्यवस्थेत विमानावर रंग बड्या कंपनीचा असतो. तिकिटे तीच विकते, भाडे आणि वेळापत्रकही तीच ठरवते. छोटी कंपनी वैमानिक व कर्मचारी पुरवते, विमान चालवते आणि उड्डाणांच्या व तासांच्या हिशेबाने ठरलेला मोबदला घेते. इंधनाचा भार बहुधा बड्या कंपनीवरच असतो. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे मोलाने केलेले काम झाले. पीक बुडाले तरी मजुरी चुकत नाही. दुसऱ्या प्रकारच्या करारात तिकिटाच्या पैशांची वाटणी होते. ती अर्धेलीची शेती. तेथे तोट्यातही वाटा येतो.

मोलाच्या करारावर ताफे झपाट्याने वाढले. युटा राज्यातील सेंट जॉर्ज या लहान गावी १९७२ मध्ये स्थापन झालेली स्कायवेस्ट आज पाचशेच्या घरात विमाने बाळगून आहे आणि डेल्टा, युनायटेड, अमेरिकन व अलास्का या चार कंपन्यांसाठी उडते. एका धन्याची मर्जी गेली तर तिघे उरतात, हे तिचे शहाणपण. तरीही किती वाढावे, हे सर्वस्वी तिच्या हाती नाही. आपले काम स्वस्त मजुरीकडे वळू नये म्हणून बड्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी आपल्या करारांत मर्यादा घालून घेतल्या आहेत. तीन सर्वांत मोठ्या कंपन्यांकडे ही मर्यादा ७६ आसनांची आहे, शिवाय विमानांच्या संख्येवरही बंधन आहे. परिणामी सत्तर आसनांच्या जातीच्या विमानात पन्नासच आसने बसवून ते उडवण्याचा प्रकारही २०१९ मध्ये सुरू झाला!

करार तुटला म्हणजे काय होते, याचीही उदाहरणे आहेत. युनायटेडसाठी उडणाऱ्या अटलांटिक कोस्ट कंपनीला नव्या अटी पटल्या नाहीत. तिने जून २००४ मध्ये ‘इंडिपेंडन्स एअर’ या नावाने स्वतंत्र संसार थाटला. विमाने होती, वैमानिक होते. पण गिऱ्हाईक आजवर दुसऱ्याच्या नावावर आलेले. जानेवारी २००६ मध्ये तो संसार मोडला. उलट डेल्टाने कॉमएअर ही छोटी कंपनी समूळ विकतच घेतली होती. तिलाही धन्याच्या सोयीने २०१२ मध्ये टाळे लागले.

याहून दुःखद कहाणी १२ फेब्रुवारी २००९ ची. त्या रात्री बफेलोजवळ कोसळलेल्या विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक अशी पन्नास माणसे दगावली. तिकिटे कॉन्टिनेन्टलच्या नावाची होती. विमान व वैमानिक कोल्गन एअरचे होते. चौकशीत वैमानिकांची चूक, प्रशिक्षणातील उणिवा आणि थकव्याचा प्रश्न पुढे आला. त्यानंतर विमान प्रत्यक्ष कोण चालवणार हे तिकीट विकतानाच सांगण्याचा दंडक कायद्याने अधिक कडक झाला आणि सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला.

मार्च २०२२ मध्ये वैमानिकांच्या टंचाईचे कारण देऊन स्कायवेस्टने सरकारी अनुदानावरील २९ गावांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. तेव्हा दुसरी कंपनी मिळेपर्यंत सेवा चालू ठेवण्यास सरकारने तिला भाग पाडले. आमच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे.

कारण आपल्याकडे लहान मार्गांवरील रिकाम्या आसनाचा भार उचलणारा धनी म्हणजे सरकार. ‘उडान’ योजनेत तीन वर्षे अनुदान मिळते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी मुदत पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले अवघे ५४. शेजारच्या चिपी विमानतळाचे ऑक्टोबर २०२१ मध्ये थाटात उद्घाटन झाले. अनुदानाची मुदत संपताच २०२४ मध्ये तेथील मुंबईची विमानसेवा थांबली. विमानाच्या भरवशावर गणपतीचे बेत आखणाऱ्या चाकरमान्याने पुन्हा रेल्वेच्या रांगेत उभे राहावे, हे कोणत्या प्रगतीचे लक्षण?

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्यात कमीपणा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. लहान गावाला विमान हवे तर कोणाची तरी ओंजळ लागणारच. मात्र ती कधी मिटणार, हे तहानलेल्याला आधी कळले पाहिजे. अनुदान एका दिवसात तोडण्यापेक्षा ते टप्प्याटप्प्याने कमी करावे. सेवा सोडू पाहणाऱ्या कंपनीवर पर्याय मिळेपर्यंत ती चालवण्याचे बंधन असावे आणि त्या मुदतीतील तूट सरकारने भरून द्यावी. प्रत्येक मार्गावर किती आसने भरली व किती पैसा खर्ची पडला, हे जनतेपुढे मांडावे. आमच्या गोमंतकीय कंपनीनेही उद्या एखाद्या बड्या कंपनीशी करार केला, तर स्वतःच्या नावाने तिकीट विकण्याचा हक्क गमावू नये.

नवे विमान धावपट्टीवर उतरते त्या दिवशी हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात. अनुदान संपल्यानंतरच्या पहिल्या सकाळी तेच विमान उडते की नाही, हे पाहायला मात्र कोणी हार घेऊन येत नाही. आमच्या मते खरी परीक्षा त्या सकाळीच असते.